मोठं इंजिन, घरची गाडी

जुनी अमेरिकन मसल कार आणि आजची वेगवान सेडान शेजारी उभ्या केल्या तर निकाल पाच मिनिटांत लागतो. पळण्यात, थांबण्यात, वळण्यात, माणसं जिवंत ठेवण्यात आजची गाडी पुढे आहे, आणि तीही थोडीथोडकी नाही. 1970 ची शेव्हेल एसएस 454 ही तिच्या काळातल्या सर्वांत दांडग्या गाड्यांपैकी एक होती. क्वार्टर माइल, म्हणजे साधारण 402 मीटर, कापायला तिला तेरा-साडेतेरा सेकंद लागत. टेस्लाची मॉडेल एस प्लेड तेच अंतर साडेनऊ सेकंदांच्या आत संपवते, आणि मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात. शर्यत एवढीच असती तर हे पुस्तक लिहायचं कारण नव्हतं.

लिहिलं ते वेगळ्या कारणाने. या दोन गाड्यांचं भांडण शेजाऱ्यांचं नाही, भाऊबंदकीचं आहे. दोघींचं मूळ एकाच उद्योगात आहे: घरच्या साध्या गाडीत तिला न शोभणारं मोठं इंजिन बसवायचं. पुढे वाटणी झाली. एका शाखेने ही युक्ती वीस-बावीस वर्षांच्या पोरांना परवडेल अशा किमतीत विकली, दुसरीने त्याच युक्तीभोवती उत्तम ब्रेक, उत्तम चाकं आणि उत्तम चामडं बांधून ती पन्नाशीच्या यशस्वी माणसाला विकली. कोण किती पळतं यापेक्षा मला हे वाटणीपत्रच जास्त वाचण्यासारखं वाटतं.

मसल कार म्हणायचं कोणाला, यावर अमेरिकेत लोक अजून हातघाईवर येतात. मस्टँग त्यात बसत नाही, ती पोनी कार. कॉर्व्हेट बसत नाही, ती स्पोर्ट्स कार. पहिला मान 1949 च्या ओल्ड्समोबील रॉकेट 88 ला द्यायचा की 1955 च्या 300 अश्वशक्तीच्या क्रायस्लरला, हाही वाद आहे. मी सुरुवात 1964 च्या पॉन्टियाक जीटीओपासून धरतो. तिच्या आधीच्या गाड्या दमदार होत्या, पण तरुणांना डोळ्यासमोर ठेवून, स्वस्तात, ठरवून केलेली अशी ती पहिली. शिवाय तिच्या जन्माची हकिकत मासलेवाईक आहे.

जानेवारी 1963 मध्ये जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी सगळ्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला सांगितलं. पॉन्टियाक या विभागाची तर पतच शर्यतींवर उभी होती. तिथला मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स व रस जी यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीतलं 326 घनइंची इंजिन आणि मोठ्या पॉन्टियाकमधलं 389 घनइंची, म्हणजे 6.4 लिटरचं इंजिन, बाहेरून एकाच मापाची होती. एक काढून दुसरं त्याच जागी बसवता येत होतं. अडचण लोखंडाची नव्हती, कागदाची होती: मध्यम गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा कंपनीचा नियम. पण वरच्या समितीची मंजुरी नव्या मॉडेलला लागे. जुन्याच मॉडेलवर जादा पैसे घेऊन दिलेल्या साजाला लागत नसे. म्हणून जीटीओ जगात आली ती गाडी म्हणून नाही, तर टेम्पेस्टवर तीनशे डॉलरच्या आत मिळणारा एक पर्याय म्हणून. विक्री विभाग भीत भीत पाच हजारांना तयार झाला. पहिल्या वर्षी 32,450 खपल्या. नाव सरळ फेरारीवरून उचललेलं; फेरारीचे भक्त भडकले, आणि ती जाहिरात फुकट झाली.

गिऱ्हाईक कोण, हे लोकसंख्येनेच ठरवून ठेवलं होतं. महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये जन्मलेली पोरं 1964 मध्ये अठरा वर्षांची होत होती. डेट्रॉइटहून वायव्येला जाणाऱ्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर, दोन सिग्नलांमधल्या सरळ पट्ट्यात, रात्री त्यांच्या शर्यती लागत. कंपन्यांचे अभियंतेही तिथे घुटमळत, कधी कधी उद्या येणारी गाडी आज रात्री घेऊन. या रस्त्याने मसल कारचा स्वभाव ठरवला असं मला वाटतं. सिग्नल हिरवा झाला की पुढच्या सिग्नलपर्यंत सरळ जायचं, एवढंच काम. वळण नाही, घाट नाही, लांबचा पल्ला नाही. आपल्याकडे ज्याला आपण ‘पिकअप’ म्हणतो तो एवढाच गुण तिच्याकडून मागितला गेला, आणि तो तिने भरभरून दिला.

आता 1968 सालाकडे येऊ. या पुस्तकातलं माझं आवडतं साल, कारण दोन्ही शाखा त्या वर्षी एकाच वेळी दिसतात.

त्या वर्षाच्या मॉडेलांत प्लायमथने रोड रनर आणली. तोवर मसल कारही महाग होत चालल्या होत्या. त्यांना चकचकीत पट्ट्या आणि मऊ सीटं चिकटू लागली होती. प्लायमथने सगळं खरवडून काढलं. खाली गालिच्याऐवजी रबरी चटई, पुढे साधी सलग सीट, बाकी जवळजवळ काही नाही. इंजिन मात्र 383 घनइंची, जाहिरातीत 335 अश्वशक्तीचं. किंमत 2,896 डॉलरपासून. पैसा वाचवताना त्यांनी एकाच ठिकाणी सैल हात सोडला. वॉर्नर ब्रदर्सला पन्नास हजार डॉलर देऊन कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र घेतलं, आणि त्याच्यासारखा ‘बीप-बीप’ करणारा भोंगा बनवून घेतला. हा वेडेपणा वाटतो, पण गिऱ्हाईकाचं वय ज्याला कळलंय त्याचाच हा निर्णय आहे. सुमारे 45 हजार गाड्या खपल्या.

त्याच वर्षी मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मर्सिडीजने 300 एसईएल 6.3 दाखवली. एरिख वाक्सेनबर्गर या तिथल्या अभियंत्याने स्वतःच्या हौसेने, राष्ट्रप्रमुखांसाठी बनणाऱ्या अवाढव्य मर्सिडीज 600 चं 6.3 लिटरचं व्ही-8 इंजिन एका शांत, चार दरवाज्यांच्या, डॉक्टर-वकिलांच्या गाडीत बसवलं होतं. युक्ती तीच, डिलोरियनची. पण भोवतीचा सरंजाम पाहा: चारही चाकांना डिस्क ब्रेक, हवेवर तोललेलं सस्पेन्शन, ताशी 220 किलोमीटरचा वेग आणि बाहेरून ओळखता येणार नाही असं सोज्वळ रूप. 1972 पर्यंत 6,526 बनल्या. अमेरिकेत तिची किंमत 14 हजार डॉलरच्या आसपास पडे. तेवढ्यात चार रोड रनर येऊन वर पेट्रोलला पैसे उरले असते. आजची बीएमडब्ल्यूची एम5, आजची मर्सिडीजचीच एएमजी, या 6.3 च्या पोटच्या आहेत, आणि मर्सिडीज ते विसरलेली नाही. पुढे कित्येक वर्षांनी 6,208 घन सेंटिमीटरच्या इंजिनावर तिने हट्टाने 6.3 चीच पाटी लावली.

आकड्यांविषयी इथेच सावध करून ठेवतो, कारण तुलनेतली निम्मी फसगत तिथे आहे. 1971 पर्यंत अमेरिकेत इंजिनाची ताकद ‘ग्रॉस’ मोजत: इंजिन स्टँडवर उघडं ठेवायचं, त्याचा भार वाढवणारी अवजारं काढायची, सायलेन्सरऐवजी मोकळे पाइप लावायचे, आणि येईल तो आकडा छापायचा. 1972 पासून इंजिन गाडीत असतं तसंच ठेवून मोजलेला ‘नेट’ आकडा आला. 1971 मध्ये शेव्हरोलेने दोन्ही छापले, म्हणून फरक नेमका कळतो: 454 घनइंची एलएस5 इंजिन ग्रॉसने 365, नेटने 285. म्हणजे जुन्या जाहिरातीतला आकडा आणि एम5 चा आकडा एकाच रकान्यात लिहिणं मुळात चूक आहे. उलट बाजूनेही लबाडी होती. विमा कंपन्या अश्वशक्ती पाहून हप्ता वाढवू लागल्यावर कारखाने आकडे मुद्दाम कमी सांगू लागले. 455 घनइंची ब्युक स्टेज 1 ला कागदावर 360 च, आणि तसं मानणारा माणूस तेव्हाही मिळत नसे. पत्रकारांना दिलेल्या गाड्यांचं तर विचारूच नका. ज्या जीटीओने 1964 मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’च्या चाचणीत सगळ्यांचे डोळे दिपवले, तिच्यात 389 नव्हे, 421 घनइंची इंजिन गुपचूप घातलेलं होतं. जाहिरातीचं काम पाहणाऱ्या जिम वँगर्सने पुढे आत्मचरित्रात स्वतःच ते सांगून टाकलं.

एवढी ताकद थांबवायची कशाने, याचं उत्तर मात्र कोणी फार शोधलं नाही. पहिल्या जीटीओला चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून दूर जातो, लायनरची पकड तापल्याने आधीच सुटलेली असते. पाय तळापर्यंत जातो आणि गाडी चालतच राहते. दोनदा जोरात थांबवलं की तिसऱ्यांदा देवाचं नाव. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळायला 1967 उजाडलं, तेही पैसे मोजून. टायर अरुंद, जुन्या बायस-प्लाय घडणीचे. सगळं वजन पुढे. क्रायस्लरच्या गाड्यांत मागे सलग अॅक्सल आणि पाटे, ट्रकसारखे. जोरात सोडली की मागचं टोक नाचायचं. याला मी दोष म्हणतो. खूप रसिक याला ‘स्वभाव’ म्हणतात. त्यांनी ब्रेकचं प्रकरण आधी वाचावं.

मसल कार कशाने मेली, याची रूढ गोष्ट अशी की ऑक्टोबर 1973 मध्ये अरबांनी तेल रोखलं आणि एका रात्रीत सगळं संपलं. तारखा लावून पाहिल्या तर ही गोष्ट टिकत नाही. प्रसिद्ध 426 हेमी इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांतून 1971 नंतर गेलं. जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी 1971 मध्येच इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. जीटीओ 1972 मध्ये परत नुसता पर्याय झाली होती. तेल बंद झालं तेव्हा प्रेताला खांदा द्यायचा बाकी होता. खरे मारेकरी दोन: 1970 चा स्वच्छ हवेचा कायदा, आणि त्याहूनही विमा एजंट. बावीस वर्षांच्या पोराला गाडीचा हप्ता झेपत होता. विम्याचा झेपेनासा झाला.

पण त्या कायद्यातूनच पुढचं सगळं उगवलं, आणि हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. धुरातले तिन्ही मुख्य प्रदूषक एकदम मारायचे तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण अगदी काटेकोर लागतं, वजनाने 14.7 ला 1. कार्ब्युरेटरला ते जन्मात जमणारं नव्हतं. मग बॉशचा लॅम्डा सेन्सर आला, 1976 मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या व्होल्व्होंमध्ये तो पहिल्यांदा बसला. तो धुरातला प्राणवायू चाखतो आणि संगणकाला कळवतो, संगणक क्षणोक्षणी पेट्रोल कमीजास्त करतो. हा संगणक एकदा इंजिनाशेजारी येऊन बसला की त्याला बाकीची कामंही सांगता आली. ठिणगी कधी टाकायची, नॉकिंगची चाहूल लागताच कसं सावरायचं, टर्बोला किती मोकळं सोडायचं. 1964 मध्ये 6.4 लिटरमधून ग्रॉस 325 अश्वशक्ती निघत होती. आजच्या एएमजी सी 63 मधलं दोन लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन एकट्याने 476 देतं, आणि त्याचा धूर जीटीओच्या धुरापुढे तीर्थासारखा आहे. तरी त्या सी 63 वर तिचीच माणसं रुसली. व्ही-8 कुठे गेलं, म्हणाली. विजेची मोटर धरून ताकद 680 पर्यंत वाढली होती, तरीही.

मराठी वाचकाला हे सारं परमुलखातलं वाटेल, आणि बहुतेक आहेही. पण एक धागा आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज आणि प्लायमथ जोडायला घेतल्या होत्या; शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना तर 1928 पासून होता. सरकारने ‘इथे बनवा, नुसती जोडू नका’ असं धोरण घेतल्यावर जनरल मोटर्सने 1954 मध्ये शिवडी बंद केली, आणि कुर्ल्याचा भर फियाटवर गेला. म्हणून डेट्रॉइटमध्ये सात लिटरची इंजिनं घोंगावत होती तेव्हा दादरच्या टॅक्सी स्टँडवर 1,100 सीसीची फियाट उभी होती. अमेरिकन गाडी म्हटल्यावर आपल्या जुन्या पिढीला आठवते ती 1950 च्या दशकातली लांबलचक, पंखवाली, सिनेमातल्या शेठची. मसल कार आपल्याला भेटली ती पडद्यावर. ‘बुलिट’मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवर मस्टँगपुढे पळणारी काळी डॉज चार्जर, नाहीतर ‘फास्ट अँड फ्युरियस’. ‘किती देते?’ हा आपला पहिला प्रश्न तिला विचारायचीही सोय नव्हती. उत्तर होतं लिटरला चार-पाच किलोमीटर.

वेगवान सेडान मात्र आपल्या ओळखीची आहे. 2021 पासून एएमजीची 306 अश्वशक्तीची ए 35 चाकणलाच जोडली जाऊ लागली. चार दरवाजे, डिकी, आईवडिलांना मागे नीट बसता येईल अशी जागा, आणि वर वेग: ही मांडणी आपल्या घरांना पटते. दोन दरवाज्यांची गाडी घेतली तर आपल्याकडे घरात पहिल्यांदा विचारतील, मागे बसायचं कसं?

गंमत अशी की हा प्रश्न शेवटी अमेरिकेनेही विचारला. डॉजने 2006 च्या मॉडेलात चार्जरचं नाव पुन्हा काढलं ते चार दरवाज्यांच्या गाडीवर. जुने भक्त संतापले. त्यांना आणखी संतापायला हवं होतं, कारण आतली गोष्ट निराळीच होती. तेव्हा डॉजची मालक क्रायस्लर मर्सिडीजवाल्या डाइमलरच्या घरात नांदत होती, आणि या चार्जरच्या सस्पेन्शनची घडण पुढून मर्सिडीजच्या एस क्लासवरून, मागून ई क्लासवरून आलेली होती. 1968 मध्ये ज्या दोन शाखा वेगळ्या दिसल्या, त्यांचा सोयरसंबंध असा एका कॅनेडियन कारखान्यात, ब्रॅम्प्टनला, जुळला. त्याच गाडीची 2015 ची हेलकॅट: सुपरचार्जर लावलेलं 6.2 लिटरचं हेमी, नेट 707 अश्वशक्ती, ताशी 204 मैल, पाच माणसं. किंमत 64 हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे तेवढ्या ताकदीला त्या वेळी कोणीच मागत नव्हतं इतकी कमी. रोड रनरचा सौदा पुन्हा एकदा झाला, आणि डिसेंबर 2023 मध्ये ती ओळ बंद होईपर्यंत तो चालला.

मला विचाराल तर खरी वारस मात्र कॅडिलॅकची सीटी5-व्ही ब्लॅकविंग. 668 अश्वशक्ती, एकाच कारागिराने हाताने जोडलेलं आणि त्याच्या सहीची पट्टी असलेलं इंजिन, आणि चक्क पायाने दाबायचा क्लच. जीटीओला जे येत नव्हतं ते सगळं तिला येतं. ब्रेक, वळण, शांतपणे गावात जाणं. फक्त ती 2022 मध्ये 85 हजार डॉलरच्या घरात सुरू झाली, आणि तिथेच पोरं गळाली.

किमतीचा हिशेब एकदा मांडायलाच हवा. 1968 मध्ये अमेरिकन कुटुंबाचं मध्यम वार्षिक उत्पन्न सुमारे 8,600 डॉलर होतं. रोड रनर म्हणजे त्यातले चार महिने. 2023 मध्ये तिथलं घरटी मध्यम उत्पन्न 80 हजारांच्या जरा वर होतं, आणि 2024 मध्ये आलेली नवी बीएमडब्ल्यू एम5 जवळजवळ एक लाख 20 हजारांना सुरू झाली. म्हणजे दीड वर्ष. भारतात ती आली तेव्हा एक कोटी 99 लाखांची होती, इथे असा हिशेब करण्यात अर्थ नाही. तिची ताकद 727 अश्वशक्ती, पण बॅटरी आणि मोटर धरून वजन 2,435 किलो, आधीच्या एम5 पेक्षा पाचशे किलोंहून जास्त. परिणाम असा की शून्य ते शंभरला नवीला साडेतीन सेकंद, जुनीला 3.4. आणि ज्या जीटीओला आपण ‘अमेरिकन होडगं’ म्हणून हसतो, ती भरत होती साधारण सोळाशे किलो.

या दोघींतली निवड मला रोजच्या वापरासाठी करायची असती तर मी सेडान घेतली असती, क्षणभरही न घुटमळता. पावसात, बोरघाटात, मागे घरची माणसं असताना ड्रम ब्रेकच्या भरवशावर जायची माझी तयारी नाही. पण यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर मर्यादा शंभरची आणि समृद्धीवर 120 ची असताना ही 727 अश्वशक्ती करायची काय, हेही कळत नाही. जीटीओची सगळी मजा ताशी 60 मैलांच्या आत संपत असे. आजच्या सेडानची तिथून सुरू होते, आणि ती घ्यायला परवाना लागतो, मैदान लागतं, नाहीतर जर्मनीतला रस्ता.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. गाड्या सालवार लावल्या आहेत, देशवार नाही; त्यामुळे ऑस्ट्रेलियाची 1971 ची फोर्ड फाल्कन जीटीएचओ, जी चार दरवाज्यांची असून पक्की मसल कार होती, ती मध्येच भेटेल आणि वर्गवारी बिघडवेल. बिघडू द्यावी. 1972 पूर्वीच्या अमेरिकन आकड्यापुढे ‘ग्रॉस’ असं प्रत्येक वेळी छापलं आहे. वेळेच्या बाबतीत युरोपीय गाड्यांचे आकडे शून्य ते शंभर किलोमीटरचे आणि अमेरिकन गाड्यांचे शून्य ते साठ मैलांचे आहेत, आणि अमेरिकन पद्धतीत बहुधा पहिला फूटभर सरकणं धरतच नाहीत. टेस्लाचे दोन सेकंदांच्या आतले आकडे त्यातलेच. एकाचं दुसऱ्यात रूपांतर मी केलेलं नाही. शेवटी सगळ्या गाड्यांचा एकत्र तक्ता कोणी शोधू लागेल. तो मुद्दामच दिलेला नाही.